वस्तीतील मांजरांचा सांभाळ

मांजर डोळे मिटून दूध पिते, असे म्हणतात. वस्तीतील बेवारशी मांजरांच्या बाबतीत मात्र दूध पाजणारेच पुष्कळदा डोळे मिटून घेतात. जिन्याखाली किंवा मंडईच्या कोपऱ्यात बशीभर दूध ठेवले की भूतदयेचे कर्तव्य पार पडले, अशी त्यांची समजूत असते. या समजुतीमागील भावना चांगली असली तरी ती अपुरी आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत मुक्या प्राण्यांना मोजावी लागते.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येते. गर्भावस्थेचा काळ सुमारे ६५ दिवसांचा असतो आणि एका वेतात बहुधा तीन ते पाच पिले होतात. वर्षातून दोनतीनदाही ती विऊ शकते. परंतु जन्मलेली पिले जगतातच असे नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात मोकाट मांजरांच्या पिलांचे निरीक्षण करण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सुमारे तीन-चतुर्थांश पिले सहा महिन्यांच्या आतच मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे केवळ अन्न घातल्याने जन्म वाढतात आणि जन्मांबरोबर अकाली मृत्यूही वाढतात. शिवाय, पुष्कळशा प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नाही. तेव्हा दुधाची बशी हेही त्यांचे खरे अन्न नव्हे.

यावर उपाय उपलब्ध आहे. मांजरे इजा न करता पिंजऱ्यात पकडावी, पशुवैद्याकडून त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, रेबीजची लस टोचावी आणि त्यांना मूळ जागी परत सोडावे. शस्त्रक्रिया झालेले मांजर दुरून ओळखता यावे म्हणून, भूल दिलेली असतानाच, त्याच्या एका कानाचे टोक किंचित कापतात. फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून हा क्रम चिकाटीने चालविण्यात आला. १९९६ मध्ये तेथे ६८ मांजरे होती. २००२ मध्ये ती २३ उरली. माणसाळलेल्या मांजरांना घरे मिळवून देण्यात आली, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मांजराकडे वेळीच लक्ष देण्यात आले, हे या यशाचे रहस्य होय.

रोम शहराचा अनुभव याहून अधिक बोलका आहे. इटलीने १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांना संरक्षण दिले. पुढील दहा वर्षांत रोममध्ये जवळजवळ ८,००० मांजरांचे निर्बीजीकरण झाले व बहुतेक ठिकाणी त्यांची संख्या घटली. तथापि, बाहेरून येणाऱ्या मांजरांचे प्रमाण सुमारे २१ टक्के आढळले, आणि त्यांत लोकांनी आणून टाकलेली घरची मांजरेही होती. घरच्या मांजरांची वीण आवरण्याचे शिक्षण नागरिकांना मिळाले नाही, तर हा सारा पैसा, श्रम आणि वेळ वाया जाईल, असा स्पष्ट निष्कर्ष अभ्यासकांनी २००६ मध्ये काढला.

भारतातील घरांनाही हे वर्तन अपरिचित नाही. नको असलेली पिले पोत्यात घालून दूर कोठेतरी सोडून येण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि ‘मारले तर नाही’ एवढ्यावर मन समाधान मानते. वस्तुतः, उपासमार किंवा तहान ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. २०२३ च्या प्राणिजन्म-नियंत्रण नियमांनीही वस्तीतील प्राण्यांना अन्न देण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर असावी, असे सांगितले आहे.

मांजरे सरसकट हटवावीत, असे काहीजण सुचवितात. पण उघडा कचरा आणि उंदीर जागच्या जागी राहिले, तर रिकाम्या जागेत दुसरी मांजरे येतात. दुसरीकडे, मांजर हा कुशल शिकारी प्राणी आहे, हेही प्राणिमित्रांनी विसरू नये. पक्षी जमिनीवर घरटी करतात अशा पाणथळीजवळ किंवा अभयारण्यालगत मांजरांना अन्न घालून त्यांचा जमाव वाढविणे, ही दया नव्हे.

या कामात शाळांनाही वाटा उचलता येईल. परिसरात मांजरे किती, त्यांचे रंग कोणते, कोणाच्या कानाचे टोक कापलेले आहे, नवी पिले केव्हा दिसली, याची वही शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ठेवावी. मांजरांना हात मात्र लावू नये. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. अशी वही असली म्हणजे शस्त्रक्रिया कोणाची राहिली हे कळते, आणि नवे मांजर आले की ते लगेच ध्यानात येते. अन्न घालणाऱ्याने हा हिशेबही पत्करावा; आणि ज्याच्या घरी मांजर आहे त्याने प्रथम आपल्या मांजराची शस्त्रक्रिया करून घ्यावी. रस्त्यावरील पिलांची उपासमार पुष्कळदा घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होते, आणि तेथेच ती थांबविता येते.