विश्लेषण : दुबईची सहल जवळची, सोपी; पण तेथील कायद्याचे काय?

पहिल्या परदेश सहलीचा विषय निघाला की मराठी घरात दुबईचे नाव हमखास येते. मुंबईहून जेमतेम तीन-सव्वातीन तासांचा विमानप्रवास, घड्याळात दीड तासाचा फरक, टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या काउंटरपर्यंत हिंदी आणि शाकाहारी जेवणाची चिंता नाही. हे आपलेपण ही दुबईची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. घोटाळाही तिथेच होतो. शहर ओळखीचे वाटते, कायदा मात्र अनोळखी असतो.

दुबईला पर्यटक का हवेत?

तेलावर श्रीमंत झालेले शहर ही दुबईची ओळख जुनी झाली. तेथे १९६६ मध्ये तेल सापडले, पण साठे मर्यादित होते. आज दुबईच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. व्यापार, विमान वाहतूक, घरबांधणी आणि पर्यटन यांवरच शहर चालते. २०२४ मध्ये तेथे सुमारे १ कोटी ८७ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला होते. २०२३ मध्ये भारतीयांची संख्या जवळपास २५ लाख, म्हणजे सर्वाधिक होती. हे नाते जुनेच आहे. १९६६ पर्यंत तेथे रिझर्व्ह बँकेने छापलेले ‘गल्फ रुपये’ चलनात होते!

खर्चाचे गणित कसे?

दिरहम डॉलरला बांधलेला आहे (एक डॉलर म्हणजे ३.६७ दिरहम). त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की दुबईत काहीही न बदलता आपली सहल महागते. हॉटेलच्या बिलात पाच टक्के व्हॅट असतो आणि श्रेणीनुसार प्रत्येक खोलीमागे रोज ७ ते २० दिरहमचे पर्यटन शुल्कही. पॅकेजमध्ये ते धरले आहे का, हे आधीच विचारावे. जिथे नजर जाते तिथे पैसे उडवायची सोय आहे, हे खरे. पण खाडी ओलांडणाऱ्या पारंपरिक ‘अब्रा’ होडीचे भाडे फक्त एक दिरहम आहे आणि ही फेरी अनेक महागड्या तिकिटांपेक्षा सरस आहे.

सोन्याचा मोह मात्र तपासून घ्यावा. भारताने जुलै २०२४ मध्ये सोन्यावरील आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा दोन्हीकडच्या भावातील तफावत बरीच आटली. शिवाय दागिन्यांसाठीची खास शुल्कमुक्त सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, चार दिवसांच्या पर्यटकासाठी नाही.

कायद्याची अडचण कुठे येते?

सुरुवात बॅग भरतानाच होते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रतिबंधित आहे. तेथे नोकरी करणाऱ्या मुलासाठी आई प्रेमाने अनारसे देते. ते खसखशीवर थापलेले असतात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. करंजीचे सारण आणि घरचा मसाला यांचेही तेच. कोडीन, ट्रामाडॉल असलेली औषधेही नियंत्रित यादीत येतात. ती घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तेथील सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी हवी.

दुसरी जागा म्हणजे हातातला मोबाइल. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे किंवा व्हॉट्सॲपवर शिवीगाळ करणे हा तेथे गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे ज्यावर दोन दिवस भांडण होऊन विषय संपतो, त्यासाठी तेथे पोलीस तक्रार होते आणि प्रकरण मिटेपर्यंत देश सोडण्यावर बंदीही येऊ शकते. व्हॉट्सॲपचे संदेश चालतात, कॉल मात्र बंद आहेत. व्हीपीएन लावून गैरकृत्य केल्यास जबर दंड आहे.

मेट्रोत खाल्ले-प्यायले तर १०० दिरहम, भलत्याच ठिकाणी रस्ता ओलांडला तर ४०० दिरहम आणि व्हिसाची मुदत उलटली तर दररोज ५० दिरहम दंड. २०२४ च्या अखेरीपासून पर्यटक व्हिसासाठी परतीचे तिकीट आणि हॉटेल आरक्षणाच्या पुराव्याबाबत काटेकोरपणा वाढला आहे. याच शिस्तीमुळे तेथे बाई रात्री उशिरा एकटी निर्धास्त फिरू शकते, हेही मान्य करायला हवे. एक गोष्ट हवी आणि दुसरी नको, असे होत नाही.

कधी जावे?

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात हॉटेले स्वस्त होतात, पण पारा चाळिशीपार असतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरील मजुरांना दुपारी साडेबारा ते तीन काम देण्यास बंदी असते. या मजुरांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत. ज्या उन्हात सरकार त्यांना काम करू देत नाही, त्या उन्हात लहान मुले आणि आजी-आजोबांना फिरवण्यात काय हशील?

एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसाने दुबई विमानतळच विस्कळीत केला होता. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा आखातातील विमानसेवा कोलमडली. प्रवास विमा म्हणूनच आवश्यक आहे. मात्र बहुतेक पॉलिसींमधून युद्धजन्य नुकसान वगळलेले असते. ते कलम पैसे भरण्यापूर्वीच वाचावे.