खोडरबर जरा बाजूला ठेवा!

विद्यार्थी मित्रांनो, लंबकाच्या प्रयोगात पाच निरीक्षणे जुळतात, सहावे जुळत नाही. मग तुम्ही काय करता? खरे सांगा! खोडरबर घेता आणि 'हवा तो' आकडा लिहिता. ही सवय मला घातक वाटते. का, ते ऐका.

१९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. छायाचित्रात ३४७ नॅनोमीटरपाशी एक बारीक ठिपका उमटला. बरोबर निम्मी तरंगलांबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश! तीव्र प्रकाशात, विशिष्ट स्फटिकांत, दोन फोटॉनांच्या ऊर्जेतून दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन तयार होतो, त्याचीच ही खूण. ती धूळ नव्हे कशावरून? क्वार्ट्झच्या जागी साधी काच ठेवली की ठिपका नाहीसा होई. गंमत अशी, की छापील शोधनिबंधात ठिपका दाखवणारा बाण आहे, ठिपका मात्र नाही! छपाईच्या वेळी कोणी तो डाग समजून पुसला, असे सांगतात.

आज हाच परिणाम नखाएवढ्या चिपवर घडवतात. लिथियम नायोबेटच्या पातळ थरात सुमारे एक मायक्रॉन रुंदीची वाट कोरली, की तिच्यात दाटीने चालणारा थोडा प्रकाशही तीव्र होतो. संगणकातले सिलिकॉन येथे चालत नाही. ते दृश्य व अतिनील प्रकाश शोषून घेते. अतिनीलसाठी म्हणून ॲल्युमिनियम नायट्राइड वापरतात. तरीही अडचण उरतेच. वाटेच्या कडा किंचित खडबडीत असल्या तरी प्रकाश विखुरतो, आणि आखूड लहरी अधिकच विखुरतात. आकाश निळे दिसते ना, तसेच! हे साधले, तर स्ट्रॉन्शियमच्या आण्विक घड्याळाला लागणारा ४६१ नॅनोमीटरचा निळा प्रकाश मोठ्या टेबलाऐवजी लहानशा डबीतून मिळू शकेल.

न जुळणारे प्रत्येक निरीक्षण म्हणजे शोध नव्हे. बहुधा चूक आपलीच असते. पण पुन्हा मोजल्याशिवाय ते कळणार कसे? म्हणून शिक्षकांनाही माझी विनंती आहे : असे निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्याचे गुण कापू नका, उलट एक गुण जास्त द्या. आणि मित्रांनो, तुम्ही त्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढा, शेजारी प्रश्नचिन्ह लिहा आणि प्रयोग पुन्हा करा.