आवाज येतो, शब्द कळत नाहीत

ज्या दुकानदाराने मला '३००० वॅट' छापलेली बेस ट्यूब विकली त्याच्यावर माझा राग नाही. राग माझ्यावर आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३००० वॅट काढायला २५० अँपिअर लागतील हा साधा भागाकार जालन्यातल्या त्या दुकानात उभं राहून मला सुचला नाही. त्याच ट्यूबच्या फ्यूजवर २० लिहिलेलं होतं. म्हणजे जास्तीत जास्त अडीचशे-पावणेतीनशे वॅट, तेही ओढूनताणून. बाकीचे सगळे वॅट स्टिकरवर.

कंपनीच्या स्टिरिओचंही तेच. '५० वॅट × ४' लिहितात. गाडी चालू असताना वायरीत १४ व्होल्टच्या आसपास असतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. गणित करून बघा, एका स्पीकरला पंचवीसच्या वर स्वच्छ वॅट जाऊच शकत नाहीत. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळतात. उरलेला आकडा क्षणभराच्या उसळीचा.

पण मुद्दा वॅटचा नाही, पप्पांच्या कानांचा आहे.

पप्पा २६ वर्षं इथल्या एका रोलिंग मिलमध्ये होते. जालन्यात हे सांगायला नको, निम्म्या गल्लीचं घर सळईवर चालतं. लोखंडाच्या आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. ढोल ऐकू येतो, गाडीचं इंजिन ऐकू येतं, पण स, श, क, ट ही व्यंजनं ज्या बारीक आवाजावर उभी असतात तोच गळून पडतो. पप्पांचं एक वाक्य घरात रोज असतं, "आवाज येतो रं, पण म्हनतंय काय ते कळंना." २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा बहिरेपणा रोग म्हणून नोंदलेला होता, तो सरकारला कळवणं बंधनकारक होतं. पप्पांचा कोणी कुठे कळवला नाही. मिलमधून मिळाला तो कापसाचा बोळा.

गाडीत एकदा अंबडहून काकांचा फोन आला. मोसंबीचे साठ क्रेट भरले म्हणाले. पप्पांनी 'आठ' ऐकलं आणि सख्ख्या भावाला चोर ठरवून मोकळे झाले. साठ आणि आठ यांच्यात फक्त एका 'स'चा फरक आहे, आणि तो 'स' कंपनीच्या कागदी स्पीकरातून, समृद्धीच्या काँक्रीटवर घरघरणाऱ्या टायरांवर मात करून, पप्पांच्या कानात पोचायचा होता. तेव्हाच मी ठरवलं की साऊंड बदलायचा. आणि जाऊन घेतली काय, तर बेस ट्यूब!

हा नुसता फालतू खर्च नव्हता, उलटा उपाय होता. जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, उलट फारसं होत नाही. ज्याच्या कानात बारीक आवाज आधीच कमी पोचतो, त्याच्या मागे मी धडधडणारं पिंप ठेवलं. दोन दिवसांत पप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले, मग म्हणाले, मी बसनेच जातो.

आता पुण्यातल्या ऑफिसमधल्या मित्रांकडे येतो. त्यांचं म्हणणं, गाडीत स्पीकर बदलणं हा गावठी शौक, कंपनीने विचार करूनच दिलेलं असतं. कंपनीने विचार केलेला असतो, पण किमतीचा. माझ्या मॉडेलच्या टॉप व्हेरियंटमध्ये ट्विटर आहेत, माझ्यात त्यांच्या जागी रिकामी जाळी आहे. ती जाळी भरणं गावठी असेल तर टॉप व्हेरियंट घेणारे कोण? आणि गल्लीतली पोरं, जी म्हणतात 'बेस नाही तर मजा काय', त्यांना एवढंच सांगतो की निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती तुमच्या डिकीसाठी वेगळी नाही. तुमच्या कानांचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालवून घेते. दर ३ डेसिबलला ते तास निम्मे होतात. पप्पांना त्या आवाजाचा निदान पगार मिळत होता. तुम्ही पैसे भरून तेच विकत घेताय.

शेवटी मी केलं ते असं. ट्यूब काढली. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर बसवले, म्हणजे वूफर दारात आणि ट्विटर वेगळा, वर, काचेच्या कोपऱ्यात, कानाच्या रेषेत. बारीक आवाज सरळ जातो, दारात गुडघ्यापाशी ठेवला तर गुडघाच ऐकतो. वायरी कापल्या नाहीत, कपलर लावला. दारांच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या शीट चिकटवल्या, भोकं बुजवली. माझ्या मते निम्मा फरक या शीटने पडला, पण दुकानात शीट कोणी दाखवत नाही, कारण तिच्यात दिवे लागत नाहीत. अँप घेतला नाही. त्याऐवजी ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला, ते दुप्पट वॅटच्या बरोबरीचं असतं. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. सगळं मिळून ट्यूबपेक्षा हजारभरच जास्त गेले.

स्पीकरने कान दुरुस्त होत नाही. पप्पांना कानाचं मशीन लागणारच आहे, आणि ते 'म्हातारा दिसतो' म्हणून टाळतायत. ते भांडण घरात चालू आहे.

गेल्या आठवड्यात बदनापूरच्या पुढे काकांचा पुन्हा फोन आला. काका मागच्या अनुभवाने शहाणे झालेले, एकेक अक्षर तोडून बोलले, "सा-ठ! सा-ठ क्रेट!"

पप्पा म्हणाले, "साठ ना? मग वरडतो कशाला?"