प्राणवायूलाही मात्रा हवी

मे 2021 मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात प्राणवायूच्या पुरवठ्यात व्यत्यय येत होता आणि पहाटेच्या प्रहरी रुग्ण दगावत होते. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला त्यात लक्ष घालावे लागले. त्या दिवसांनी जनमानसात एक समीकरण रुजवले: प्राणवायू जितका अधिक, तितका रुग्ण सुरक्षित. तुटवडा जीव घेतो, हे निर्विवाद आहे. मात्र अतिरेकही निरुपद्रवी नसतो, ही समीकरणाची दुसरी बाजू अद्याप पुरेशी चर्चेत आलेली नाही.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण 21 टक्के असते. ते दीर्घकाळ बरेच वाढले, तर पेशींमध्ये अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात आणि पेशींच्या आवरणातील मेदाम्लांवर हल्ला चढवतात. तेल खवट होते, तशीच ही प्रक्रिया असते. तिच्यातून उरणारी विषारी उपद्रव्ये प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बिघडवतात. खाद्यतेलांत विपुल असणाऱ्या लिनोलिक आम्लापासून शरीरात ल्युकोटॉक्सिन नावाचे द्रव्य तयार होते. अतिरिक्त प्राणवायूत ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत ते आढळले आहे. खरे विष ल्युकोटॉक्सिन नसून, शरीरातील एक विकर त्याचे रूपांतर करून जो डायॉल बनवते तो अधिक घातक असतो, असे 1997 मधील संशोधनाने दाखवले. अशा इजेमुळे केशवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशांत द्रव साचतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो. मग तो वाढवण्यासाठी प्रवाह आणखी वाढवला जातो. हे दुष्टचक्र हेच खरे संकट होय.

यातील रासायनिक तपशील मुख्यतः प्राण्यांवरील आणि पेशींवरील प्रयोगांतून आला असला, तरी अतिरेकाचे दुष्परिणाम माणसांतही दिसले आहेत. तीव्र आजाराच्या 16 हजारांहून अधिक रुग्णांवरील 25 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सढळ हाताने प्राणवायू दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. टास्मानियातील रुग्णवाहिकांत जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णांना मोजून प्राणवायू दिल्याने मृत्यूची जोखीम 58 टक्क्यांनी घटली, असे 2010 मधील चाचणीत दिसले. तेथे मुख्य कारण रक्तात कर्बवायू साचणे हे होते. धडा मात्र तोच.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर 100 हा आकडा पाहून नातेवाइकांना हायसे वाटते. परंतु रक्तातील हिमोग्लोबिन पूर्ण भरल्यावर आकडा तिथेच थांबतो. प्राणवायू किंचित जास्त आहे की कित्येक पट, हे तो सांगत नाही. म्हणूनच कोविडकाळातील भारतीय मार्गदर्शक सूचनांनी 92 ते 96, तर जुनाट श्वसनविकारात 88 ते 92 टक्के असे लक्ष्य सांगितले होते.

वैद्यकीय प्राणवायू राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. औषध म्हटले की मात्रा आली, नोंद आली आणि फेरतपासणीही आली. टाक्या आणि निर्मिती प्रकल्प उभारणे हे अर्धेच काम झाले. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लक्ष्य-पातळी लिहिली जाते का, आकडा त्यापलीकडे गेल्यावर प्रवाह कमी केला जातो का, याची तपासणी आरोग्य खात्याने नियमित करावी. नातेवाइकांनीही स्वतःहून नळीचा प्रवाह वाढवू वा कमी करू नये. लक्ष्य किती, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे.