हुक अडकवायचा कुठे?

आमच्या सोसायटीचे बाहेरून रंगकाम चालू होते. पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर परांचीवर उभा असलेला रंगारी परभणीकडचा होता. अंगात सेफ्टी बेल्ट, पट्टे नीट आवळलेले. पण दोरी खांद्यावरून गुंडाळून तिचा हुक त्याने बेल्टच्याच कडीत अडकवून ठेवला होता. "दादा, हुक लावला नाही?" असे विचारले तर हात न थांबवता म्हणाला, "लावू कुठं काका? या बांबूला? बांबूसकटच खाली जाईन की."

उंचीवरून पडून मजूर दगावल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: बेल्ट नव्हता, किंवा होता पण लावला नव्हता. ठेकेदार म्हणतो, दिला तरी वापरत नाहीत. मजुरांची बाजू घेणारे म्हणतात, मालक देतच नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वाद मात्र बेल्टपाशीच घुटमळत राहतो.

ठेकेदाराचे गाऱ्हाणे अगदीच खोटे नाही. भर उन्हात बेल्टचे पट्टे काचतात, घामाने खरखरीत होतात. काम उक्ते घेतलेले असले की दर चार पावलांना हुक काढ-घाल करण्यात गेलेला वेळ मजुराच्याच खिशातून जातो. वर "इतकी वर्षं काय झालं?" ही फुशारकी असतेच. मोठ्या साइटवर हुक न लावणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी कापतात, किंवा त्याला खाली उतरवतात. ही जरब पुष्कळदा लागू पडते, हे मान्य केले पाहिजे. पण ती तिथेच न्याय्य ठरते जिथे हुकासाठी पक्की जागा आहे आणि दोरीला दोन हुक आहेत, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. एका हुकाच्या दोरीवर जागा बदलायची तर मधले काही क्षण माणूस मोकळाच असतो.

जागा मिळाली तरी भागत नाही. ही दोरी साधारण १.८ मीटर लांब असते. झटका सोसणारी तिची पट्टी पडताना उसवत आणखी मीटरभर, कधी त्याहून जास्त, लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलापर्यंत माणसाची उंची दीड मीटर धरा. म्हणजे हुक पायाशी अडकवला असेल तर खाली साडेचार-पाच मीटर मोकळी जागा हवी. आपल्या इमारतींचा मजला तीन मीटरच्या आसपास. पहिल्या स्लॅबच्या कडेवरून पडलेला माणूस बेल्ट लावूनही जमिनीवर आपटू शकतो. हुक डोक्याच्या वर असेल तर हिशोब बदलतो, पण सेंट्रिंग चालू असताना डोक्यावर आभाळच असते. आणि लटकलेल्या माणसाला लवकर खाली घ्यावे लागते. मांड्यांचे पट्टे आवळून रक्त पायांत साकळते, आणि मग वाचलेल्याचाही जीव धोक्यात येतो. त्याला कसे उतरवायचे याची तालीम किती साइटवर झालेली असते?

म्हणून सुरक्षेचे जाणकार बेल्टला शेवटचा उपाय मानतात. आधी कडेला कठडा, लिफ्टच्या डक्टवर आणि स्लॅबमधल्या भोकांवर झाकण, खाली जाळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या बांधकामात खाली ताणलेल्या जाळीने १९ जणांना वाचवले. त्याच जाळीतून फेब्रुवारी १९३७ मध्ये कोसळलेली परांची आरपार गेली आणि दहा जण दगावले. जाळीलाही मर्यादा आहेत. शिवाय कठडा बसवणारा पहिला माणूस किंवा परांची सोडवणारा शेवटचा माणूस यांना बेल्टच तारतो. तेव्हा बेल्ट की जाळी हा झगडा व्यर्थ आहे. प्रश्न क्रमाचा आणि पैशांचा आहे. बेल्ट स्वस्त पडतो आणि फोटोत दिसतो, म्हणून तो आधी येतो.

महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत मजुरांना सुरक्षा संच देते. त्यात हेल्मेट, बूट यांच्याबरोबर बेल्टही असतो. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला काहीतरी मिळाले, याला नावे ठेवणार नाही. पण बेल्ट मजुराच्या घरी पोचला की "तुझा बेल्ट तू आण" म्हणायला ठेकेदार मोकळा होतो. ज्याने एकदा पडण्याचा झटका सोसला तो बेल्ट फेकून द्यायचा असतो. उन्हाने, सिमेंटने विरलेलाही. हे तपासायचे कोणी? घरी नेलेल्या पिशवीत तपासणीस डोकावत नाही.

१९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामांना धरून लिहिला गेला. सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी यांची सक्ती त्याने पाचशे किंवा अधिक मजुरांच्या कामांपुरती ठेवली; २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने अधिकाऱ्यासाठीचा आकडा बांधकामाकरिता अडीचशेवर आणला. मोठ्या टॉवरसाठी हे बरेच आहे. सोसायटीच्या भिंतीवर लटकणारे चार रंगारी मात्र या कुठल्याच आकड्यात बसत नाहीत. दहीहंडी किती फुटांची असावी हा वाद आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. रंगाऱ्याची दोरी सोसायटीच्या सभेतसुद्धा येत नाही.

खरे तर हा प्रश्न सभेतच सुटण्यासारखा आहे. गच्चीच्या काँक्रीटमध्ये पक्के अँकर बसवायचे आणि तिथून प्रत्येक रंगाऱ्यासाठी परांचीपासून वेगळी लाइफलाइन खाली सोडायची. कोटेशन मागवतानाच हे लिहिले तर सगळ्या ठेकेदारांचा भाव सारखाच चढतो, आणि सुरक्षेवर खर्च करणारा महाग ठरून बाद होत नाही. लहान ठेकेदाराची याबाबतची तक्रार मला सगळ्यांत रास्त वाटते: तो दोरीचे पैसे लावतो आणि आपण काम दुसऱ्याला देतो.

आमच्याकडे मी हा मुद्दा मांडला. विरोध कोणी केला नाही. एकाने विचारले, अँकरसाठी भोके पाडली तर गच्ची गळेल का? प्रश्न चुकीचा नव्हता, वॉटरप्रूफिंग नुकतेच झाले होते. इंजिनिअरला विचारून सांगायचे ठरले आणि सभा पार्किंगकडे वळली. रंगारी तोवर सहाव्या मजल्यावर पोचला होता.