आरोग्यविचार : उठतांच येणारी डोकेदुखी

“पडून असते तोंवर कांहीं नाहीं, उठली कीं कपाळ धरते!” बाळंतिणीविषयीं हे उद्गार आमच्या कानीं अनेकदां आले आहेत. त्यांत आळसाची शंका असते. आमच्या मतें मात्र अर्धें रोगनिदान या एका वाक्यांतच आहे.

मेंदू व मज्जारज्जू यांभोंवतीं एका वेष्टनाच्या आंत स्वच्छ पाणी खेळत असतें. प्रौढ माणसाच्या ठायीं तें सुमारें १५० घनसेंटिमीटर असून मेंदू त्यांत तरंगत असतो. वेष्टनास छिद्र पडून पाणी झिरपूं लागलें कीं हा आधार उणा होतो. उभें राहतांच मेंदू खालीं ओढला जाऊन आवरणांस ताण बसतो व डोकें ठणकतें. आडवें होतांच तो ताण सुटतो.

१८९८ सालीं जर्मनींतील कील येथें ऑगस्ट बीअर या शस्त्रवैद्यानें पाठींत सुई घालून अंग बधिर करण्याचा प्रयोग स्वतःवर करविला. पिचकारी सुईस नीट न बसल्यानें पुष्कळ पाणी वाहून गेलें. पुढें त्याचें डोकें उठतांच दुखे, निजतांच थांबे. नऊ दिवस त्यास अंथरूण धरावें लागलें. त्या पंडितास कोणी आळशी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं!

सिझेरियन बाळंतपणांत आज बहुधा याच जातीची भूल देतात. सुया बारीक झाल्यानें हा त्रास विरळ झाला, परंतु नाहींसा झाला नाहीं. क्वचित् सुई न टोंचतांही छिद्र आपोआप पडतें. तेथें अर्धशिशी समजून महिनेच्या महिने औषधें चालतात. पाण्याचा दाब मोजल्यास तो पुष्कळदां नेहमींसारखाच निघतो, एम्. आर्. आय्. चित्रांत खालीं झुकलेला मेंदू बहुधा दिसतो, पण सर्वदा नव्हे. म्हणून “केव्हां दुखतें?” हा प्रश्न यंत्राइतकाच मोलाचा आहे.

विश्रांति, भरपूर पाणी व चहा-कॉफी यांनीं कित्येकांस उतार पडतो. न पडल्यास रोग्याचेंच थोडें रक्त पाठींत वेष्टनाबाहेर टोंचून छिद्र बुजवितात. हा उपाय १९६० पासून ज्ञात आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूच्या शिरेंतील गुठळी यांमुळेंही बाळंतिणीचें डोकें दुखतें. निजूनही दुखणें न थांबल्यास, किंवा ताप, झटके अथवा अंधुक दृष्टि आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टरांस गांठावें.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती : सून निजून राहते म्हणून तिला बोल लावण्यापूर्वीं, ती कां निजते हें तिलाच विचारावें, आणि तिचें उत्तर जसेंच्या तसें डॉक्टरांस सांगावें.