पिकपला पिकप देणारं पेट्रोल

"साधं की पॉवर?" पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून विचारतो. 'साधं' म्हणताना आपली जीभ जरा अडखळते. हप्ते फेडून घेतलेल्या, पुढे लिंबू-मिरची टांगलेल्या, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेल्या गाडीला साधं कसं घालायचं? साखरप्याचा माझा भाचा गेली तीन वर्षं या प्रश्नाला 'पॉवर' हेच उत्तर देतो. कंपनी कोणतीही असो, बोलीत सगळं महाग पेट्रोल पॉवरच. त्याची पेट्रोलवरची छोटी पिकप आहे. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढायचा आणि कोल्हापुरात माल उतरवायचा, हा त्याचा हंगाम. उरलेलं वर्ष मिळेल ते भाडं.

त्याचा पूर्वपक्ष त्याच्याच शब्दांत मांडतो. "मामा, 95चं टाकलं की गाडी पिकप घेते. अ‍ॅव्हरेज वाढतं. इंजिन आतून साफ राहतं. आणि महागात भेसळ नसते." यातलं चौथं वाक्य सर्वांत वजनदार आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत तिथून पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच आपोआप भडकतं. चढावर इंजिनातून येणारी टकटक ती हीच. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन ठोकतंय'. असं अवेळी न भडकता ठिणगीची वाट बघत थांबण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. पेट्रोलचा संयमच म्हणा. ताकद किती, हे तो आकडा सांगतच नाही. 1920च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी ही मोजपट्टी बसवली. एका टोकाला आयसोऑक्टेन, त्याला 100 गुण. दुसऱ्या टोकाला हेप्टेन, त्याला शून्य. गंमत म्हणजे हे शून्य गुणांचं हेप्टेन सुरुवातीला जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकातून काढत. झाडातून आलेलं, अगदी शुद्ध, आणि इंजिनात घातलं तर बडवून काढणारं!

आता 'पिकप घेते' या दाव्याकडे वळू. भाच्याच्याच वर्गातली मारुतीची सुपर कॅरी घ्या. तिचं इंजिन पेट्रोलवर साधारण 80 पीएस ताकद देतं. सीएनजीचं ऑक्टेन 120च्याही वर, पण तेच इंजिन सीएनजीवर 71 पीएसच्या आसपास उतरतं, कारण सिलिंडरमध्ये वायू जागा अडवतो आणि हवा कमी मावते. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर घाटात सीएनजीच्या गाड्यांनी सगळ्यांना मागे टाकलं असतं. जास्त नंबरचा चष्मा लावला की जास्त दिसतं, असं कोणी म्हणतं का? मग पेट्रोलच्याच नंबराला हा मान कशासाठी?

अ‍ॅव्हरेजचा दावा तर सरकारनंच निकालात काढला आहे, तेही नकळत. बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमांत साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान 91 होतं. पुढे इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं अभिमानानं सांगितलं, की या मिश्रणामुळे साधं पेट्रोलही आता 95 ऑक्टेनचं झालं आहे. म्हणजे भाचा ज्या आकड्यासाठी लिटरमागे सात-आठ रुपये जादा मोजतो, तो आकडा मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे शेजारच्या नोझलमध्येही आहे. आणि अ‍ॅव्हरेज? एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या, इथेनॉलसाठी न घडवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज अशा मिश्रणावर सहा-सात टक्के पडेल, असं नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच आहे. ऑक्टेन चढलं आणि अ‍ॅव्हरेज उतरलं, दोन्ही एकाच टाकीत. याहून स्वच्छ खंडन मला करता येणार नाही.

'आतून साफ' हा दावा अर्धा खरा आहे. महाग पेट्रोलात साफसफाईचं अ‍ॅडिटिव्ह जास्त असतं, पण ते श्रेय अ‍ॅडिटिव्हचं, ऑक्टेनचं नव्हे. उलट ऑक्टेनचा इतिहास सफाईचा मुळीच नाही. 1921 मध्ये थॉमस मिजली यांनी टकटक थांबवणारं द्रव्य शोधलं ते शिशाचं, आणि पुढची कित्येक दशकं जगभर ऑक्टेन चढवलं गेलं ते पेट्रोलात विष कालवून. आपल्याकडे शिसं देशभर बंद व्हायला फेब्रुवारी 2000 उजाडला. जितकं ऑक्टेन जास्त तितकं पेट्रोल शुद्ध, असं मानणाऱ्यानं त्या काळात पंपाशेजारी राहणाऱ्या पोरांचा विचार करावा.

प्रतिपक्षाच्या हाती एक चांगलं हत्यार आहे, तेही दाखवतो. पिकपचा खरा देश अमेरिका. तिथं 2016 मध्ये 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या संस्थेनं साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून पाहिलं. त्यांत टोयोटा टुंड्रा ही आठ सिलिंडरची पिकपही होती, आणि लक्षात घ्यावा असा फायदा काही निघाला नाही. इथवर माझंच खरं. पण 2019 मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं फोर्ड एफ-150 ही टर्बोची पिकप पळवली. तिनं तिथल्या 93 ऑक्टेनवर शून्यापासून ताशी 60 मैल वेग 5.3 सेकंदांत गाठला आणि 87वर 5.9 सेकंदांत. हा फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. टर्बो इंजिन हवा आधीच कोंबून घेतं, त्यामुळे टकटकीच्या काठावर चालतं. त्याचा संगणक संयमी पेट्रोल मिळालं की ठिणगी थोडी आधी पाडून जास्त ताकद काढतो. कंपनीनं ती सोय आधीच करून ठेवलेली असते. सोय नसेल, तर तुम्ही 100चं ओतलंत तरी तो काही करत नाही. 'सगळं पेट्रोल सारखंच' म्हणणारे हे विसरतात. (अमेरिकेतल्या आप्तांनी 'आमच्याकडे 87च घालतात' असं सांगितलं तर हुरळू नका, हिणवूही नका. तिथली मोजणी वेगळी आहे, त्यांचं 87 म्हणजे आपलं 91च्या आसपास.)

याच न्यायानं भाच्यालाही थोडं झुकतं माप द्यावं लागेल. मे महिन्यातलं ऊन, हौद्यात नको इतक्या पेट्या आणि आंबा घाटाचा चढ, यात नॉक सेन्सर टकटक ऐकतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी मलूल वाटते. तिथं संयमी पेट्रोलनं गमावलेलं थोडं परत मिळू शकतं. पण ते हंगामातले दोन महिने, तेही चढावरचे काही किलोमीटर! रिकामी पिकप घेऊन देवरुखला जाताना 95 काय करतं? काही नाही. दिवसाला दहा लिटर आणि लिटरला आठ रुपये धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दोन हजार होतात, वर्षाचे चोवीस. तेवढ्यात टायर येतात.

राहिली भेसळ. इथं माझा आवाज खाली येतो. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळच्या पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. ज्या राज्यात हे घडलं, तिथं माणूस पेट्रोलवर संशय घेतो म्हणून त्याला अडाणी कसं म्हणायचं? पेट्रोलात मिसळतात त्या रॉकेलचं ऑक्टेन अगदी कमी असतं. भेसळीच्या पेट्रोलवर इंजिन खरंच ठोकतं, आणि गाडीवाल्याच्या मनात 'स्वस्त म्हणजे टकटक' ही गाठ बसते. भाचा त्या आठ रुपयांत ऑक्टेन विकत घेतच नाही, विश्वास विकत घेतो. पण भेसळ करणारा नोझलचा रंग बघून थांबेल, याची हमी कोण देणार? संशय आला तर पंपावर फिल्टर पेपर मागावा, घनता तपासून मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग घालायचं काय? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणाजवळ असतो तो आकडा, आणि इथेनॉल किती चालतं तेही तिथंच. 91 लिहिलं असेल तर साधं, 95 लिहिलं असेल आणि साध्याच्या आकड्याची खात्री नसेल, तर कुरकुर न करता महाग. तरीही टकटक आली, तर आधी गिअर उतरवा. चौथ्यात घाट रेटणाऱ्याला शंभरचं पेट्रोलही वाचवत नाही. मग प्लग, कूलंट आणि आत साचलेला कार्बन तपासा. जुन्या इंजिनाला कार्बनमुळे जास्त ऑक्टेन लागू लागतं, तेव्हा महाग पेट्रोल हे औषध चालतं, पण सगळं तपासून झाल्यावर. आणि गाडी डिझेलची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथं लवकर भडकणं हाच गुण आणि मोजपट्टीही वेगळी.

एक मागणी मात्र सगळ्यांतर्फे करतो. अमेरिकेत प्रत्येक पंपावर पिवळ्या चिठ्ठीवर काळ्या अक्षरांत ऑक्टेनचा आकडा लावावाच लागतो. आमच्या साध्या पेट्रोलच्या नोझलवर तो शोधूनही सापडत नाही आणि महाग पेट्रोलवर नाव दोन हात दुरून वाचता येतं. साध्या नोझलवरही तो आकडा लावा, देवनागरीत, ठळक, इथेनॉलच्या टक्क्यांसकट. म्हणजे पुढच्या वेळी पोरगा "साधं की पॉवर?" म्हणाला, की भाच्याला त्याच्या तोंडाकडे न बघता नोझलकडे बघता येईल.